वाळा : मुळाचा सुगंध आणि पात्यांचा बांध

उन्हाळा लागला कीं घरांत नवा माठ येतो आणि त्यांत वाळ्याची जुडी पडते. त्या पाण्याचा वास आपल्या बालपणापासूनच्या ओळखीचा. परंतु तें मूळ ज्या वनस्पतीचें, ती पाहिलेला मनुष्य शहरांत विरळाच. मीं एकदां वर्गांत विचारलें, तेव्हां अर्ध्या मुलांनीं वाळ्याला वेल ठरविलें आणि उरलेल्यांनीं झुडूप! वस्तुतः तें एक बहुवर्षायु गवत आहे. एकाच जागीं बेट धरून राहणारें, पुरुषभर उंच वाढणारें.

ह्या गवताचा इतिहास जुना आहे. पण तो जवळजवळ सगळा त्याच्या मुळाचा इतिहास आहे. संस्कृतांत त्यास उशीर म्हणतात. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकांत शकुंतलेचा दाह शमविण्यासाठीं नेला जातो तो लेप उशीराचाच. 'ऐने-अकबरी'मध्यें अबुल फजलानें बांबूच्या चौकटींत खस भरून त्यावर पाणी शिंपडण्याची युक्ति वर्णिली आहे. तीच खसाची ताटी पुढें साहेबांच्या बंगल्यांच्या दारांवर चढली. कनोजच्या अत्तरवाल्यांनीं त्याचा अर्क काढला. खणून काढलेलें मूळ अशा अर्थाचा तामीळ शब्द 'वेट्टिवेर' फ्रेंचांनीं उचलला, आणि सुगंधी द्रव्यांच्या बाजारांत त्याच नांवानें आपला वाळा जगभर ओळखला जाऊं लागला.

ह्या सर्व कौतुकांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. मूळ हवें तर बेट उपटावें लागतें. माझ्या परसांत उताराच्या कडेला वाळ्याचीं चार बेटें होतीं. माठाच्या हौसेपायीं मीं तीं एका वैशाखांत खणून काढलीं, आणि त्याच पावसाळ्यांत ती कड ढांसळून माती थेट गटारांत गेली. मुलांना भूगोलांत जमिनीची धूप शिकविणाऱ्या मास्तरास हा धडा घरीं मिळावा, हें नवलच!

धूप थांबविण्याची सरकारी खटपट आपल्याकडे जुनीच आहे. मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि त्यानंतर सोलापूर वगैरे अवर्षणग्रस्त भागांत समपातळीचे मातीचे बांध मोठ्या प्रमाणावर घालण्यांत आले. त्या कामाचें मोल मी कमी लेखीत नाहीं. परंतु खोल काळ्या जमिनींत अशा बांधांमागें पाणी तुंबतें, उन्हाळ्यांत बांधाला भेगा पडतात, आणि जोराच्या पावसांत तो फुटला म्हणजे एकाच ठिकाणाहून लोंढा वाहूं लागतो.

इकडे म्हैसूरच्या दक्षिणेस गुंडलुपेटच्या परिसरांतील शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी लावीत आले होते. त्यांना कोणी पुस्तक दिलें नव्हतें. पुस्तक आलें तें दुरून. १९५० नंतरच्या दशकांत फिजी बेटांतील डोंगरउतारांवरच्या उसाच्या मळ्यांत जॉन ग्रीनफील्ड ह्यांनीं वाळ्याच्या ओळींनीं माती धरून ठेवली. पुढें ते जागतिक बँकेच्या कामानिमित्त हिंदुस्थानांत आले आणि १९८७ सालीं त्यांची पुस्तिका निघाली. मग थायलंडचे राजे भूमिबोल ह्यांनीं ह्या गवताचा पुरस्कार केला, आणि १९९६ सालीं तेथील चियांग राय येथें त्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आपल्या शेजारच्या बांधावरचें शहाणपण आपल्याला फिजी आणि थायलंडचा फेरा घेऊन कळावें, ह्याची मला थोडी लाजच वाटते.

ह्या गवताचें मर्म असें. त्याचीं मुळें आडवीं न पसरतां सरळ खालीं जातात, तीं तीन-चार मीटरपर्यंतहि पोंचतात. त्यामुळें शेजारच्या पिकाशीं त्यांची झोंबाझोंबी कमी. वर ताठ पात्यांची दाट ओळ पाणी अडवीत नाहीं, तें गाळून हळूहळू सोडते. गाळ मागें राहतो, दरवर्षीं थोडा थोडा साचतो, आणि कांहीं वर्षांत उताराला आपोआप पायरी पडते. गुरें कोंवळीं पानें खातात, जून पानांस सहसा तोंड लावीत नाहींत.

लागवड अवघड नाहीं. मात्र उत्तरेकडचा रानवाळा बीं धरतो व पसरूं शकतो. दक्षिणेकडील लागवडीच्या वाळ्याला रुजणारें बीं येत नाहीं. बांधासाठीं हा दुसराच घ्यावा. जुनें बेट फोडून दोन-तीन काड्यांचे ठोंब करावे, पानें वीतभर व मुळें चार बोटें ठेवून छाटावीं, आणि पावसाच्या आरंभीं समपातळीच्या सरींत दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतरावर लावावीं. उताराच्या सरळ खालीं ओळ धरली तर उलट पाण्याला वाटच करून दिल्यासारखें होतें. पहिल्या वर्षीं मेलेल्या ठोंबांच्या जागीं नवे लावावे. येथें आळस केला तर सगळी ओळ फुकट, कारण पाणी नेमकें त्याच फटींतून जातें. दाट सावली वाळ्याला मानवत नाहीं. ओळ भरण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. मग वर्षांतून एकदोनदां गुडघाभर छाटली म्हणजे ती दाट राहते, आणि छाटलेलें गवत शाकारणीस उपयोगी पडतें.

हैतीच्या दक्षिण भागांत अत्तराच्या तेलासाठीं हाच वाळा डोंगरउतारांवर लावतात व मुळासकट खणतात. तेथें त्यामुळें माती उघडी पडून वाहून जाते. म्हणून माठापुरता वाळा हवा असेल त्यानें तो सपाट वाफ्यांत किंवा जुन्या पिंपांत वेगळा लावावा. माझ्या परसांत आतां असें एक पिंप आहे, आणि उताराच्या कडेला नवी ओळ धरली आहे. ह्या पावसाळ्यांत तिच्यांतले सात ठोंब मेले. त्यांच्या जागीं लावण्यासाठीं पिंपांतलेंच बेट फोडलें.