कान्हेरी

मुंबई उपनगर जिल्ह्यातील प्राचीन बौद्ध विहारांचा समूह. साष्टी बेटाच्या मध्यभागी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (क्षेत्रफळ सु. १०४ चौ. किमी.) बोरिवली स्थानकापासून सु. १० किमी. अंतरावर. ज्या डोंगररांगेत ही लेणी खोदली आहेत ती उत्तरेस मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील चेणे व घोडबंदर येथे वसईच्या खाडीला भिडते. पूर्वेस येऊर, दक्षिणेस तुळशी व विहार हे तलाव. कोरीव लेखांत स्थळाचे नाव कण्हगिरी किंवा कण्हसेल असे येते, संस्कृतात कृष्णगिरी. लेण्यांची संख्या जुन्या सूचीत १०९ दिली आहे, काही अलीकडच्या गणनांत १२८. लहान खोल्या आणि अर्धवट सोडलेली कामे धरायची की नाही यावर हा फरक अवलंबून आहे. काळ इ.स.पू. पहिल्या शतकापासून इ.स. दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत. पश्चिम भारतात एकाच डोंगरावर इतका दीर्घकाळ नांदलेली भिक्षुवस्ती दुसरी दाखवणे कठीण आहे.

सोपारा, कल्याण आणि चेमुल (आजचे चौल) या तीन बंदरपेठांच्या मधोमध हे स्थान येते. सोपाऱ्याहून निघालेल्याला वसईची खाडी ओलांडावीच लागे आणि ओलांडली की हाच डोंगर समोर येई. दानलेखांत सोपारा, कल्याण, नाशिक, चेमुल येथील माणसे भेटतात: व्यापारी, सोनार, लोहार, गृहपती, त्यांच्या बायका-मुली, भिक्षू व भिक्षुणी. राजदान त्या मानाने थोडे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही कार्दमक क्षत्रप घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी. तिच्यासंबंधीचा संस्कृत लेख येथील एका टाक्यावर आहे आणि दाता आहे सतेरक नावाचा अमात्य. सातवाहन व क्षत्रप ही दोन वैरी घराणी सोयरी झाली होती, हे मुख्यतः या टाक्याच्या लेखावरूनच कळते.

चैत्यगृह (लेणे क्र. ३) हे येथील सर्वांत मोठे काम. यज्ञश्री सातकर्णीच्या कारकिर्दीत, इ.स. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात खोदलेले. लांबी सु. २६ मी., रुंदी सु. १२ मी., खांब ३४. दाराजवळच्या लेखात गजसेन व गजमित या व्यापारी भावांचे दान नोंदले आहे. कामावर देखरेख करणारे भिक्षू आणि प्रत्यक्ष दगड फोडणारे पाथरवट यांनाही त्यात जागा मिळाली आहे, ही गोष्ट दुर्मीळ. रचना कार्ल्याच्या चैत्याची आठवण देते, पण कोरीवकाम तितके सफाईचे नाही. येथील दगड ज्वालामुखीय खडकाच्या तुकड्यांनी भरलेला, भरड आहे. बारीक काम त्यावर टिकत नाही. खांबांपैकी एका बाजूचे अकरा व दुसऱ्या बाजूचे सहा घडवून झाले, त्यांच्या शिरोभागी हत्ती व स्तूपपूजक कोरले गेले. उरलेले साधे अष्टकोनी राहिले. दर्शनी भिंतीवर दात्यांची जोडपी आहेत. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सु. ७ मी. उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत, त्या तीनएक शतकांनी मागाहून कोरलेल्या. समोरच्या आवारात विटा-दगडांचे स्तूप होते. १८३९ मध्ये जेम्स बर्ड याने ते उकरले, त्यात अस्थिपात्रांबरोबर त्रैकूटक संवत २४५ चा (इ.स. ४९४–९५) ताम्रपट सापडला. उत्खननाच्या आजच्या शिस्तीपुढे ते काम घिसाडघाईचे होते, आणि स्तूप कायमचे गेले.

क्र. ११ ला दरबार म्हणतात, पण येथे कोणाचाही दरबार भरत नसे. सु. २२ मी. लांबीच्या दालनात जमिनीलगत दोन लांब, ठेंगणे दगडी बाक एकमेकांना समांतर कोरले आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही असेच आहेत. संघ येथे ओळीने बसून पाठ म्हणे किंवा जेवे. क्र. ४१ मध्ये एकादशमुखी अवलोकितेश्वर आहे, भारतातील शैलगृहांत अशी मूर्ती अन्यत्र आढळलेली नाही. क्र. ६७ व ९० मध्ये महायान शिल्पे विपुल. क्र. ३४ च्या छतावर बुद्धाचे अपुरे चित्र अजून दिसते. रंग भरण्याआधीच चित्रकार थांबला. क्र. ९० मध्ये इ.स. १००९ व १०२१ या वर्षांचे पहलवी लेख आहेत. लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे त्यांत लिहून ठेवली आहेत.

शिल्पांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व येथील पाण्याच्या व्यवस्थेला द्यायला हवे. कोरीव लेखांत टाक्याला पोढी म्हटले आहे आणि बहुतेक प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी आहे. पावसाळ्यात या भागात दोन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यानंतर आठ महिने कोरडे जातात. म्हणून दर्शनी भागाच्या वर, छज्ज्याच्या कडेने, हातभर रुंदीचे पन्हळ कातळात खोदले आहेत. डोंगरावरून ओघळणारे पाणी ते दारावर पडू देत नाहीत, बाजूला वळवून टाक्याच्या तोंडाशी आणतात. टाक्याचे तोंड लहान, आत पोकळी मोठी, त्यामुळे बाष्पीभवन कमी. काही टाकी मे महिन्यातही पूर्ण आटत नाहीत. ओढ्यावर बंधाऱ्याचे अवशेष आहेत. एखाद्या छोट्या लेण्यात उभे राहून वर पाहिले तर पन्हळ, खाली टाके, आत निजायचा दगडी ओटा, शेजारी खिडकी आणि दाराच्या चौकटीसाठी पाडलेल्या खोबणी, असा एका माणसाचा सगळा संसार दोन पावलांत दिसतो.

या वस्तीचा खर्च कसा चाले तेही लेखांत आहे. गावे, शेते व रोकड ‘अक्षयनीवी’ म्हणून, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणारी ठेव म्हणून, संघाला दिली जात. त्यातून वर्षावासातल्या भिक्षूंना चीवरे व पादत्राणे मिळत. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष व त्याचे कोकणातील मांडलिक शिलाहार (पुल्लशक्ती, नंतर दुसरा कपर्दी) यांच्या काळच्या लेखांत पुस्तके, वस्त्रे व मोडकळीस आलेल्या भागांची डागडुजी यांसाठी रकमा ठेवल्या आहेत. दूरच्या गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने १०० द्रम्म दिले. दुरुस्तीची चिंता येथे अकराशे वर्षांपूर्वीपासून आहे.

टेकडीच्या वरच्या भागात, क्र. ८७ पाशी, कातळाच्या छपराखाली विटांच्या लहान स्तूपांची रांग आहे. ही येथील भिक्षूंची समाधिभूमी. डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी १९७५ मध्ये येथे स्थविरांच्या नावांचे लेख शोधले. प्रत्येक नावापुढे त्या भिक्षूने साधनेत गाठलेली पायरी नोंदली आहे. कान्हेरीतील सर्व लेखांचे त्यांचे संपादन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाराव्या शतकानंतर वस्ती उठली. पोर्तुगीज आमदानीत झुआंव दी कास्त्रु, गार्सिया द ओर्ता, दियोगु दु कुतु यांनी डोंगर पाहून वर्णने लिहिली. येथून खंबायतपर्यंत भुयार जाते ही समजूत कुतुच्या ग्रंथात आहे. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी जवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे चर्च केले व वर मठ आणि विद्यालय उभारले, तेही आता पडके आहे. १८६०च्या सुमारास एडवर्ड वेस्ट याने येथील लेखांचे ठसे घेतले व नकाशा काढला. पुढचा सर्व अभ्यास त्यावर उभा आहे.

सध्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. पडलेले व्हरांड्याचे खांब काही ठिकाणी नव्याने उभे केले आहेत. नवा भाग जुन्यापासून ओळखू येतो, तसाच तो यायला हवा. अवघड चढांवर कठडे बसवले आहेत. १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेला, प्रवाशांसाठीच्या नव्या सोयींचे उद्घाटन झाले.

लेण्यांपाशी आज लोकवस्ती नाही. उद्यानातील वारली व इतर आदिवासी पाड्यांतील बायका काकडी, बोरे, चिंच विकतात.

महाशिवरात्रीला आणि बुद्धपौर्णिमेला गर्दी होते. बहुतेक प्रवासी क्र. ३ व ११ पाहून परततात. वरच्या टाक्यांपर्यंत व समाधिभूमीपर्यंत गेल्याशिवाय येथे एक मठ होता हे ध्यानात येत नाही, म्हणून किमान तीन तास हाताशी ठेवावेत. सोमवारी बंद. भारतीयांस पुरातत्त्व खात्याचे तिकीट रु. २५, १५ वर्षांखालील मुलांस माफ. उद्यानाचे शुल्क वेगळे. उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंत बससेवा आहे. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. चेणे भागातून डोंगर जवळ दिसत असला तरी त्या बाजूने वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. बोरिवलीच्या प्रवेशद्वारानेच यावे लागते.