संगणकातील पोटभाडेकरू

वारज्याच्या श्रोत्यांस पोटभाडेकरू म्हणजे काय, हे सांगावयास नको. संगणकातही तो आहे. १९७२ साली आयबीएमच्या व्हीएम/३७० प्रणालीने एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे नांदविली. त्यांतील एखाद्यात हीच प्रणाली पुन्हा चालविता येई. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम नावाचा असा घरमालक आला. पोटभाडेकरूची हाक आधी मालकाकडे येते; ती स्वतः निवारावी की भाडेकरूकडे धाडावी, हे त्याने ठरवावयाचे. भाडेकरूने लिहून आणलेला करार मात्र तपासल्यावाचून स्वीकारता कामा नये. अशी एक तपासणी एएमडी प्रोसेसरांपुरती राहून गेल्याचे २०२१ साली उघडकीस आले. पोटभाडेकरूचा हात थेट मालकाच्या स्मृतिकोशापर्यंत पोहोचू शकत होता. तेव्हा किल्ली ज्याच्या हाती, त्यानेच जागे राहिले पाहिजे.