दूरच्या संघाचा सदरा

दर चार वर्षांनी फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा येते आणि कोल्हापुरातील पेठांचे रूप पालटते. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या-हिरव्या रंगाची निशाणे लागतात आणि चार पावलांवर आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांची. पहिली ब्राझीलची, दुसरी अर्जेंटिनाची. या निशाणांखाली रात्री जागविणाऱ्या मंडळींत रिओ किंवा ब्वेनोस आयरेस डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य विरळाच. त्या खेळाडूंची भाषा त्यांना कळत नाही. कित्येकांची नावेही उच्चारता येत नाहीत. तरी ही भक्ती एका स्पर्धेपुरती नसते. बापाचा संघ मुलाकडे येतो. बापाने ज्या खेळाडूवर जीव टाकला तो केव्हाच निवृत्त झालेला असतो आणि मुलाचा आवडता वेगळाच असतो. मग त्या दोघांस एकत्र बांधणारे असे उरते काय? सदऱ्याचा रंग, एवढेच.

कोल्हापूरकरास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तेथे फुटबॉल संस्थानी काळापासून रुजला आणि तो कुस्तीच्या तालमींच्या नावाने वाढला. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने शाहू स्टेडियमवर झाले म्हणजे गावची माणसे पेठापेठांत वाटली जातात. घरच्या तालमीच्या रंगावर असे प्रेम करावयास शिकलेल्या माणसाने सातासमुद्रापलीकडचा एखादा रंग उचलला, तर त्यात नवल नाही.

परंतु ज्या पिवळ्या सदऱ्यास तो पूर्वापार मानतो, तो पूर्वापार मुळीच नाही. १९५० पावेतो ब्राझीलचा संघ पांढऱ्या सदऱ्यात खेळे; गळपट्टी तेवढी निळी. त्या वर्षी विश्वचषक ब्राझीलमध्येच होता. १६ जुलै रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेशी निर्णायक सामना झाला. जवळजवळ पावणेदोन लाख तिकिटे खपली होती. ब्राझीलला नुसती बरोबरीही पुरे होती. पहिला गोलही त्यांचाच झाला. पुढे स्कियाफिनो आणि गिज्जा या दोघांनी उरुग्वेचे दोन गोल केले आणि सारा डाव फिरला. बार्बोसा नावाच्या गोलरक्षकास त्या एका गोलाचा दोष मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, वाहावा लागला. दुसरा दोषी ठरला तो पांढरा सदरा! त्यात देशाचा एकही रंग नाही, तो अपशकुनी आहे, असा बोभाटा झाला. माणसे पराभवाचे खापर कापडावरही फोडतात.

१९५३ साली रिओच्या ‘कोरेयो दा मान्या’ या वृत्तपत्राने नव्या गणवेषासाठी स्पर्धा जाहीर केली. अट एकच: राष्ट्रध्वजातील हिरवा, पिवळा, निळा व पांढरा हे चारही रंग त्यात आले पाहिजेत. अट दिसते तितकी सोपी नव्हे. चार रंग एका अंगावर घातले की माणूस विदूषक दिसू लागतो. दक्षिणेकडील एकोणीस वर्षांच्या एका चित्रकार तरुणाने ते कोडे सोडविले. सदरा पिवळा, त्याची गळपट्टी व बाह्यांची कड हिरवी, चड्डी निळी, तीवर पांढरी पट्टी, आणि मोजे पांढरे. मार्च १९५४ मध्ये चिलीविरुद्ध हा वेष प्रथम मैदानात उतरला.

गंमत अशी की, ब्राझीलने पहिला विश्वचषक जिंकला तो या पिवळ्या सदऱ्यात नव्हेच. १९५८ च्या अंतिम सामन्यात यजमान स्वीडनचाही रंग पिवळाच होता. ब्राझीलवर रंग बदलण्याची पाळी आली, तेव्हा स्टॉकहोममध्ये निळे सदरे विकत आणून त्यांवर जुन्या सदऱ्यांचे बिल्ले उसवून शिवण्यात आले. खेळाडू बिचकू नयेत म्हणून, हा रंग आपारेसीदाच्या माउलीच्या वस्त्राचा आहे, असे पथकप्रमुखाने त्यांस सांगितले. ब्राझील ५-२ असा जिंकला.

भारताच्या बाबतीत गणवेषात काय होते यापेक्षा काय नव्हते, हे अधिक बोलके आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहाजण अनवाणी होते. बूट एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत. बूटवाल्या गोऱ्या पलटणीवर उघड्या पायांनी मिळविलेला हा जय साऱ्या देशाने आपला मानला आणि हिरवा-मरून रंग बंगालबाहेरही ओळखीचा झाला. १९२३ साली हाच संघ मुंबईस रोव्हर्स चषकासाठी आला व अंतिम सामन्यापर्यंत पोचला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. पुढे १९५० च्या विश्वचषकास भारत गेला नाही, तो अनवाणी खेळू देईनात म्हणून, अशी कथा अद्याप सांगितली जाते. तीत तथ्य थोडे. जाण्याविषयी चालकांची उदासीनता हेच खरे कारण. परंतु अनवाणी पायांची कथा सांगावयास अधिक शोभते, म्हणून ती टिकली.

अशा कथांची पारख करावयाची तर मूळ वस्तू हाती हवी. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. वाळवीच्या तोंडचे कागद सोडवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास त्यांचा देह पडला, आणि त्यांचा संग्रह राखण्यासाठी तेथेच १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. कागदाला असा वाली भेटला. खेळाच्या कापडाला क्वचितच भेटतो. चषक कपाटात राहतो, चित्र भिंतीवर राहते. सदरा मात्र धुऊन धुऊन विटतो, मग धाकट्या पोरांच्या अंगावर जातो आणि शेवटी त्याचे फडके होते. वास्तविक त्या रंगासाठीच लोक भांडलेले असतात! जिथे कोणी जपून ठेवले तिथे मोल काय होते, तेही पाहावे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने घातलेला निळा सदरा तेथल्याच दुकानातून घाईने आणलेला, बिल्ले ऐनवेळी शिवलेले. सामन्यानंतर त्याने तो हॉज या इंग्रज खेळाडूस अदलाबदलीत दिला. हॉजने तो सांभाळला, पुढे संग्रहालयात ठेवू दिला, आणि २०२२ साली लिलावात त्यास सुमारे ७१ लाख पौंड आले. ज्या रंगाची निशाणे पेठेत लागतात त्याचा सदरा असा जपला गेला. खुद्द पेठेतल्या तालमींचे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे सदरे पेट्यांतून, माळ्यांवरून शोधावयाचे, तर ते काम आज व्हावयास हवे. सुती कापड फार वाट पाहत नाही.

ब्राझीलचा पिवळा सदरा रंगविणाऱ्या तरुणाची हकीकत तेवढी राहिली. त्याचे नाव आल्दिर श्ली. तो जाग्वारांव या सरहद्दीवरील गावचा. देवपूर आणि जुने धुळे यांच्यामध्ये जशी पांझरा, तशीच त्या गावापुढून नदी वाहते. फरक इतकाच की, पूल ओलांडला म्हणजे पलीकडे उरुग्वे देश लागतो. श्ली पुढे लेखक व प्राध्यापक झाला. ब्राझीलच्या कोट्यवधी भक्तांच्या अंगावर त्याचा रंग चढला. कोल्हापुरापर्यंत येऊन पोचला. त्याचा स्वतःचा जीव मात्र आयुष्यभर ज्या संघावर होता तो नदीपलीकडचा, उरुग्वेचा. १९५० साली पांढऱ्या सदऱ्यास ज्याने धूळ चारली तोच. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी तो वारला. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ब्राझील आणि उरुग्वे यांचा सामना होता.