गुलाबदाणीतला थेंब

हळदीकुंकवाच्या दिवशी दारात उभी राहिलेली मुलगी गुलाबदाणी झटकते आणि आत येणाऱ्या बाईच्या अंगावर चार-पाच गार थेंब पडतात. फुगीर पोट, लांब मान आणि माथ्यावर भोकं पाडलेली कळी असं या चांदीच्या भांड्याचं रूप. आज घरोघरी जो सुगंधी स्प्रे भिंतीवरच्या फडताळात दिसतो, त्याचं कुळ शोधत गेलं की या भांड्यापाशी थांबावं लागतं.

गुलाबदाणीच्या नावातही एक गोष्ट दडली आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ हे मुळात फुलाचं नाव नव्हतंच, ते फुलाच्या पाण्याचं नाव होतं. इकडे आल्यावर ते फुलाला चिकटलं. मग पाण्याला काय म्हणायचं? मराठीने ‘गुलाबपाणी’ हा शब्द केला आणि त्यात पाणी दोनदा आलं.

सुगंध मिसळण्याची विद्या याहून कितीतरी जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’साठी आख्खा अध्याय दिला. सोळा द्रव्यांतली कोणतीही चार निवडली तर १,८२० जुळण्या होतात, आणि चौघांची प्रमाणं बदलत गेलं तर १,७४,७२० गंध तयार होतात, असा हिशेब त्याने मांडला. गणिताच्या इतिहासातही हा हिशेब मानाने सांगितला जातो. मराठीचा या विद्येशी थेट संबंध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे प. कृ. गोडे यांनी गंगाधराच्या ‘गंधसार’ या दुर्मीळ ग्रंथाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. त्याच्याच जोडीला ‘गंधवाद’ हा ग्रंथ आहे, आणि त्यावरची टीका जुन्या मराठीत आहे.

पण स्प्रेच्या कुळकथेतला कळीचा प्रसंग घडला तो मुघलांच्या जनानखान्यात. जहांगीराने आपल्या आठवणींत तो लिहून ठेवला आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत होती. गरम गुलाबपाणी ताटांत ओतलं तेव्हा वर साय धरल्यासारखा तवंग आला. तिने तो थोडा थोडा करून गोळा केला. त्याचा वास इतका तीव्र होता की तळहातावर एक थेंब चोळला तरी सगळी बैठक दरवळून जाई. बादशहाने तिला मोत्यांचा सर दिला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्या तेलाला ‘इत्र-इ-जहांगीरी’ असं नाव दिलं.

त्या ताटात गुलाबाचे दोन वाटे झालेले दिसतात. गुलाबातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून ते खाली पाण्यात राहिलं आणि गुलाबपाण्याला वास आला. बाकीचं तेल पाण्याशी जमवून घेईना, ते तरंगलं आणि अत्तर झालं. म्हणूनच लग्नात अत्तराचा फाया मनगटाला लागतो आणि गुलाबपाणी शिंपडलं जातं. दोघांची भांडीही निराळी, एकाची अत्तरदाणी, दुसऱ्याची गुलाबदाणी.

थेंब बारीक करण्याचं काम पुढे एका डॉक्टरने केलं. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावचे डॉ. ॲलन डेव्हिलबिस घशाच्या रोग्यांवर उपचार करत. १८८०च्या दशकात त्यांनी औषध घशात फवारण्यासाठी रबरी फुग्याचं यंत्र बनवलं. फुगा दाबला की हवेचा झोत नळीच्या तोंडावरून जातो, तिथला दाब उतरतो, द्रव वर ओढला जातो आणि त्याचं धुकं होतं. त्यांचा मुलगा थॉमस याने १९०७पासून तीच युक्ती अत्तराच्या बाटल्यांना लावली. १९२७ साली नॉर्वेच्या एरिक रोथाइमला दाबाखालच्या डब्याचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात तसल्याच डब्यांतून सैनिकांसाठी डासनाशक फवारलं गेलं, आणि युद्धानंतर त्यांत सुगंध शिरला.

गुलाबदाणीचा थेंब जड असतो, तो अंगावर किंवा जमिनीवर पडतो. धुक्याचा कण मात्र हवेत रेंगाळतो आणि फार बारीक असला तर श्वासाबरोबर फुप्फुसात खोल उतरतो. घरी स्प्रे करणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. अनेक जण बाटलीत पाणी घेतात, बाजारातलं सुगंधी तेल दहा-बारा थेंब टाकतात आणि हलवतात. दोन मिनिटांत अस्मत बेगमच्या ताटातला तवंग बाटलीत हजर होतो. मग एका फवाऱ्यात नुसतं पाणी येतं, दुसऱ्यात निव्वळ तेल, आणि ते सोफ्यावर डाग पाडतं किंवा हाताला झोंबतं.

तेल पाण्यात नांदवायला मध्यस्थ लागतो. पॉलिसॉर्बेट २० हा त्यांतला सोपा. १०० मिलिलिटर स्प्रेला दोन मिलिलिटर तेल पुरे. ते आधी त्याच्या तीन-चार पट पॉलिसॉर्बेटमध्ये नीट घोटायचं, मग डिस्टिल्ड वॉटर हळूहळू घालायचं. वर तवंग दिसला तर मध्यस्थ कमी पडला असं समजायचं. पाण्यात जंतू वाढतात, म्हणून परिरक्षक घालायचा, नाहीतर थोडंच करून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि आठवड्याभरात संपवायचं. अल्कोहोलमध्ये केलेला स्प्रे जास्त टिकतो, पण तो पेट घेतो. देवापुढची निरांजन किंवा गॅस चालू असताना तो मारूच नये. रंगकामाचं स्पिरिट तर मुळीच वापरू नये, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं.

तेल घेताना ते ‘इफ्रा’च्या मर्यादांत बसतं का, हे विक्रेत्याला विचारावं. १९७३ साली स्थापन झालेली ही सुगंधउद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना कोणतं द्रव्य कशात किती चालेल ते ठरवते. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं मूल किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल तर स्प्रे नकोच. मांजरीचं यकृत सुगंधी तेलांतली काही द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही, आणि अंगावर पडलेलं ती चाटून पोटात घेते. अशा घरात उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा खिडकीला टांगावा आणि त्यावर पाणी मारावं. वारा आला की खोली गार होते आणि वाळ्याचा वास आपोआप आत येतो.