साउथ वेल्सच्या खाणी : दोष दगडाचा, जंतूचा की कोळशाचा?

कोळशाच्या खाणीत वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात धूळ साचत जाते. आत शिरलेले कण गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीच क्षयाच्या जंतूंनाही आवर घालतात. धुळीने, विशेषतः सिलिकाच्या कणांनी, या पेशी निकामी झाल्या की जंतूंना रान मोकळे मिळते. त्यामुळे खाणकामगाराच्या छातीत धुळीचा आजार आणि क्षय अनेकदा एकत्रच आढळत, आणि दोष कोणाचा हे ठरवताना कोळशाच्या धुळीवर संशय उशिरा गेला.

काळ्या पडलेल्या फुफ्फुसाची नोंद एडिंबरोचे डॉक्टर ग्रेगरी यांनी १८३१ मध्येच केली होती. तरीही विसाव्या शतकात जे. एस. हाल्डेन यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ कोळशाची धूळ जवळपास निरुपद्रवी मानत. ब्रिटनमध्ये १९२८ च्या योजनेने खाणकामगारांना भरपाई दिली, पण ती किमान ५० टक्के सिलिका असलेल्या खडकात काम करणाऱ्यांनाच. नुसता कोळसा फोडणारा माणूस दम लागून घरी बसला, तरी कायद्याच्या लेखी त्याला काही झालेले नव्हते. हा उघड अन्याय होता.

त्याला छेद दिला तो कार्डिफच्या गोदीतल्या कामगारांनी. जहाजांच्या तळात उतरून फावड्याने कोळसा सारखा करणाऱ्या या माणसांचा खडकाशी संबंधच नव्हता. जेथ्रो गॉफ यांनी १९४० मध्ये त्यांच्या फुफ्फुसांतही तोच आजार दाखवून दिला. सरकारी तपासणीचे निष्कर्षही त्याच दिशेने गेले आणि १९४३ मध्ये भरपाईचे दार सर्व कोळसा कामगारांना खुले झाले. मात्र रोगाचा दाखला मिळालेल्याला खाण सोडावी लागे, आणि साउथ वेल्सच्या खाणींच्या दऱ्यांमध्ये दुसरे काम मिळणे अवघड होते.

मग संशय जंतूवर गेला. एक्स-रेमध्ये बारीक ठिपके दिसणारे बरेच जण हिंडतेफिरते राहत. काहींच्या फुफ्फुसात मात्र मोठे काळे गोळे वाढत. गोळ्याचा गाभा सडून फुटला की शाईसारखा बेडका पडे. अशा अनेक फुफ्फुसांत शवविच्छेदनात क्षयाचे जंतू सापडत. क्षयच ठिपक्यांचे गोळे करतो, असा तर्क त्यावरून निघाला.

डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी हा तर्क तपासायचे ठरवले. युद्धकैदी असताना त्यांनी क्षयाच्या कैद्यांवर उपचार केले होते. १९५० मध्ये त्यांनी शेजारशेजारच्या दोन दऱ्या निवडल्या. ऱ्होंडा फाखमध्ये खाणकामगारांबरोबर बायकामुलांचेही एक्स-रे काढून क्षयरोगी शोधले आणि त्यांच्यावर उपचार केले. संसर्ग घरातूनही होत असल्याने ही व्याप्ती गरजेची होती. ॲबरडेअर तुलनेसाठी ठेवले. पहिल्या दरीत गोळे होण्याचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे घटले नाही. त्या काळात स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांमुळे क्षय दोन्हीकडे ओसरत होता, म्हणून हा निकाल निर्णायक म्हणता येत नाही. पण क्षय हटूनही गोळे होत राहिले, ही गोष्ट बोलकी होती. फुफ्फुसात साचलेल्या धुळीचे प्रमाणच पुन्हा पुढे आले आणि खाणीतली धूळ कमी करणे हाच मुख्य उपाय ठरला.

क्षय मागे पडला तरी अशा फुफ्फुसांचे संसर्ग संपले नाहीत. क्षयाच्याच कुळातला मायकोबॅक्टेरियम कॅन्सासाय खाणकामगारांत आढळू लागला, तर गोळ्यांच्या पोकळीत ॲस्परजिलस बुरशी वाढते. एक्स-रेवरून हे सारे वेगळे ओळखणे कठीण असते, म्हणून बेडक्याची प्रयोगशाळेत तपासणी करावीच लागते.