कुर्ल्याचे सिग्नल आणि यंत्राची दृष्टी

चालत्या वस्तूची दखल यंत्राने आपण होऊन घ्यावी, ही कल्पना यंत्रमानवाबरोबर जन्मली असे सामान्यतः मानले जाते. मुंबईच्या रेल्वेचा इतिहास निराळी साक्ष देतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली. १९२८ साली बोरीबंदर-भायखळा मार्गावर स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल आले व पुढील वर्षी ते कुर्ल्यापर्यंत पोहोचले.

अशा सिग्नलांचा पाया ट्रॅक सर्किट हा होय. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांच्या आरंभीच्या रचनेत तार तुटली तरी मार्ग मोकळाच दिसे. १८७२ च्या पेटंटात त्यांनी हा क्रम उलटविला. रुळांतून प्रवाह अखंड वाहतो. गाडीचा आस दोन्ही रूळ जोडताच रिले पडतो व सिग्नल लाल होतो. वीज गेली तरी परिणाम तोच. रुळांचे खंड क्रमाने व्यापले जातात, त्यावरून गाडीची गती कळते.

संगणकीय दृष्टीही तुलनेवरच उभी आहे. १९८१ साली हॉर्न व शुंक यांनी, तसेच ल्यूकस व कानाडे यांनी, लागोपाठच्या चित्रांतील प्रकाशभेदावरून गती काढण्याच्या रीती मांडल्या. परंतु अंधारात वस्तू हलली तरी भेद शून्यच राहतो. ‘दिसले नाही’ आणि ‘काही नाही’ यांचे उत्तर एकच येते. रॉबिन्सन यांनी टाकून दिलेला दोष तो हाच. माणसांत वावरणाऱ्या यंत्रमानवाने अज्ञान हाच धोका मानावा, हा धडा रुळांनी केव्हाच घालून दिला आहे.