फतेगंजातील कलेजी-पेठ्याचा रस्सा

बडोदे शहराच्या उत्तरेस फतेगंज नावाची जी वस्ती आहे, ती एके काळी इंग्रजांची छावणी होती. १८०२ साली गायकवाडांच्या दरबारी मेजर अलेक्झांडर वॉकर हा पहिला रेसिडेंट आला, तैनाती फौजेचा करार झाला, आणि पलटणींच्या पाठोपाठ बंगले, बाजार व प्रार्थनामंदिर ही सारी उभी राहिली. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर मार्च १८२५ मध्ये बडोद्यास आला, तेव्हा छावणीतील चर्चचा अर्पणविधी त्याच्याच हातून झाला. चर्च आले म्हणजे नाताळ आला, आणि नाताळ आला म्हणजे त्या सणाचे ताट आले. छावणीच्या हिंदुस्थानीत या दिवसाला ‘बडा दिन’ म्हणत. साहेबाच्या दारी फळफळावळीच्या डाल्या जात आणि मुदपाकखान्यात टर्की, बदक किंवा निदान एखादी पुष्ट कोंबडी भाजली जाई.

या भाजलेल्या पक्ष्याबरोबर जो दाट रस्सा वाढीत, तो त्याच पक्ष्याच्या काळीज, हृदय, पेठा, मान आणि पंखांची टोके यांचा असे. खाटकाच्या दुकानी आपण ज्याला ‘कलेजी-पेठा’ म्हणतो, तेच हे. ताटात मिरवावयाचे ते मांस. त्याला चव आणावयाची ती या दुय्यम भागांनी. हा प्रकार साहेबांनी आणला आणि त्यांच्या नोकरांकडून तो शहरातील मराठी घरांत शिरला, असा कोणाचाही सहज समज होईल. तो मला पटत नाही. आणि न पटण्याचे कारण बडोद्यातच छापले गेले आहे.

‘गायकवाड्स ओरिएंटल सीरिज’ या विख्यात मालेत चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ श्रीगोंदेकरांनी संपादून प्रसिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला आणि तिसरा १९६१ साली. ग्रंथाचा काळ इ. स. ११३० च्या सुमाराचा, राजधानी कल्याणी. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात ही जुनी नोंद याच ग्रंथातली, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला मोठा मान देतात. पण त्याच्या ‘अन्नभोग’ प्रकरणाकडे मात्र आपण जरा संकोचानेच पाहतो. तेथे काळजाचे सुपारीएवढे तुकडे करून निखाऱ्यावर भाजावे, मसाला लावून परतावे आणि दह्यात किंवा मोहरीच्या काढ्यात सोडावे, असे सांगितले आहे. आतड्यांचे व रक्ताचेही प्रकार आहेत. शेतातल्या उंदरांचाही पाक आहे. पण तो विषय येथे नको. सांगावयाचे ते एवढेच की दक्षिणेच्या सम्राटाच्या पंक्तीत आतले भाग हे हलक्यांचे अन्न मानले जात नव्हते. वैद्यकातही तेच दिसते. सुश्रुताने रातांधळेपणावर पिंपळी घालून शिजविलेले बोकडाचे यकृत सांगितले आहे, आणि यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व विपुल असते हे आता सर्वांना ठाऊक आहे.

मग संकोच आला कोठून? तो बव्हंशी कोंबडीचा आहे, काळजाचा नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावकोंबडा लसणीच्या पंक्तीस बसवून निषिद्ध ठरविला आहे. म्हणूनच मासळीवाचून ज्यांचे पान हलत नाही अशा आपल्यातील कित्येक सारस्वत घरांतही कोंबडी उंबऱ्याबाहेर राहिली. पण त्याच कोकणात आणि गोव्यात राखणदाराला वर्षाची राखण देताना कोंबडाच लागतो, आणि तो तेथेच शिजवून वाटून खाल्ला जातो. देवळातला नैवेद्य गोडाचा, सीमेवरच्या देवाचा तिखटाचा, ही व्यवस्था स्मृतीला विचारून ठरलेली नाही. १७३४ नंतर गायकवाडांबरोबर जी मराठी कुटुंबे बडोद्यात स्थिरावली, त्यांच्यापैकी मांसाहारी घरांनी धुळवडीचे, दसऱ्याचे तिखट जेवण बरोबर नेले, त्याला फतेगंजच्या गुरूची गरज नव्हती.

साहेबाच्या मुदपाकखान्यात तरी साहेब कोठे रांधीत होता? ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर याला पपनसाच्या सरबतातून विष घालण्याचा प्रयत्न झाला. त्यातून मल्हारराव गायकवाडांवर चौकशी आली आणि १८७५ मध्ये त्यांची गादी गेली. या राजकारणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या चौकशीतला एक साक्षीदार महत्त्वाचा वाटतो : रेसिडेंटचा बटलर पेद्रो डिसोझा, गोव्याचा ख्रिस्ती. साहेबाच्या टेबलाची चावी कोकणी माणसाच्या हाती होती. पोर्तुगीज भाषेत पक्ष्याचे काळीज, पेठा, मान, पाय यांना मिळून ‘काबिदेला’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्यांच्या रक्तातल्या कालवणालाही तेच नाव. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत तो शब्द डुकराच्या मांसाला जाऊन चिकटला. टर्कीला गोव्यात ‘पेरू’ म्हणतात तेही पोर्तुगीजच, आणि हिंदुस्थानीतही तो शब्द गेला. मराठी माणसाला मात्र नाताळात पेरू भाजतात हे ऐकून फळच आठवावे! असे शब्द बोलणाऱ्यांना कलेजी-पेठ्याचा रस्सा इंग्रजांनी शिकविला असेल, हे संभवत नाही.

इंग्रजी पद्धतीचे खरे वेगळेपण दाटपणात आहे. भाजलेल्या पक्ष्याची परातीत गळलेली चरबी घ्यावयाची, तीत तितकाच मैदा तांबूस होईपर्यंत परतावयाचा, आणि मग कलेजी-पेठ्याचे गरम पाणी थोडे थोडे ओतीत ढवळावयाचे. एकदम ओतले की गुठळ्या झाल्याच. एक पेला पाण्याला दीड मोठा चमचा मैदा पुरतो. शेवटी शिजलेला पेठा व काळीज बारीक चिरून घालतात. आपल्याकडे मैद्याचे काम वाटण करते : भाजलेले सुके खोबरे, कांदा, धणे, खसखस, लवंग. गोव्याचा ख्रिस्ती स्वयंपाकी तेथे शिरका आणतो. बाकी पूर्वतयारी तिन्ही घरी एकच, आणि खरे कसब तीतच आहे. काळजाला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी न फुटता काढली पाहिजे. ती फुटली तर सारा रस्सा कडू. पेठा उभा चिरून त्यातली वाळू धुवावी, आतले पिवळे चिवट कातडे सोलून टाकावे. मान, पंख, पेठा आणि हृदय मिठाच्या पाण्यात कांद्याबरोबर मंद आचेवर तासाहून अधिक शिजू द्यावीत. काळीज मात्र अखेरच्या काही मिनिटांतच टाकावे. आधी टाकले तर ते रवाळ, कठीण होते आणि रश्शाला करकरीत वास येतो.

कर्नल केनी-हर्बर्टने १८७८ साली मद्रासेत आपले इंग्रजी पाकपुस्तक छापले, १९१० साली मुंबईच्या पाठारे प्रभूंपैकी लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ निघाले. ती दोन्ही संग्राह्य आहेत. तथापि काळीज केव्हा टाकावयाचे हे मुलीला आईने आणि पोऱ्याला बटलरने चुलीपाशीच सांगितले. हल्ली दुकानातून कोंबडी साफ होऊन येते आणि कलेजी-पेठा वेगळा विकत घ्यावा लागतो. म्हणजे ज्या पक्ष्याचे मांस त्याच पक्ष्याचा रस्सा, हा जुना मेळ मोडला आहे. फतेगंजात चर्च उभे आहे, नाताळही होतो. ज्यांच्या घरी अजून सणाला अख्खा पक्षी येतो, त्यांनी पित्ताची पिशवी काढण्याचे काम एकदा तरी पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, आणि फुटली तर रागावू नये.